गारांचा हिशेब

माझा एक भाचा कॅनडात स्थायिक झाला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने एक छायाचित्र पाठविले. दारासमोर कमरेइतका बर्फाचा ढीग, आणि हाती फावडे घेऊन तो वाट मोकळी करीत उभा. सोबत एक ओळ होती : "मामा, आपल्या भालकीकडे असे पांढरे कधी पडले होते का?" मी सहजच 'नाही' असे लिहावयास निघालो होतो, परंतु फावडे पाहिले आणि हात थांबला. कारण फावडे घेऊन छतावरचे पांढरे ढीग लोटणारी माणसे मी लहानपणी आमच्या वाड्यात पाहिली होती.

आपल्या भागात हिमवर्षाव होत नाही, गारा पडतात. माघ-फाल्गुनाची दुपार असावी, अंगात घाम आणणारा उकाडा असावा, आणि पश्चिमेकडून तांबूस-काळे आभाळ चढावे. पहिली गार पत्र्यावर वाजली की आजी माजघरातला विळा उचलून अंगणात फेकी. लोखंड पाहून गारा थांबतात, अशी तिची श्रद्धा होती. आजोबांची श्रद्धा निराळी. पाऊस ओसरताच ते गडीमाणसांना हाक घालीत, "आधी माळवदावर चढा." मातीच्या सपाट छतावर साचलेल्या गारा पन्हाळीचे तोंड बुजवितात, मग त्या वितळल्या की पाणी बाहेर न जाता छतात मुरते आणि दोन दिवसांनी भिंत फुगते. म्हणून गारा वितळण्याच्या आत त्या फावड्याने खाली लोटावयाच्या, हा आमच्याकडचा शिरस्ता होता. बर्फ हटविण्याचे आपले शास्त्र एवढेच. शेतात मात्र हटविण्यासारखे काही उरत नसे. बांधाच्या सावलीत साचलेला पांढरा थर सकाळपर्यंत टिके, पोरे त्या गारा खात, आणि वडीलमाणसे आडव्या झालेल्या ज्वारीकडे पाहत उभी राहत.

गारेला आपल्या भागातील भाषांनी दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. कानडीत 'आलिकल्लु', तेलुगूत 'वडगळ्ळु'. दोन्हींत 'दगड' हा अर्थ स्पष्ट आहे. दखनी बोलणारे आपले शेजारी 'ओले' म्हणतात. तो शब्द संस्कृत 'उपल' म्हणजे पाषाण याच्याशी जोडला जातो. मराठीत तर 'गार' म्हणजे गारगोटीही आणि आभाळातून पडणारा खडाही. एकाच पेठेत नांदणाऱ्या चार भाषांनी एकमेकींना न विचारता या वस्तूत थंडी पाहिली नाही, दगड पाहिला. बर्फाच्या मुलखातील माणूस बर्फाशी महिनोन्‌महिने संसार करतो, त्यासाठी सरपण साठवितो, छपरे उतरती बांधतो. गारांचा मारा पाव घटकेत आटोपतो. त्यासाठी तयारी करावयास सवडच नसते. त्यामुळे आपल्याकडील गारपिटीचा इतिहास तयारीचा फारसा नाही. तो नंतरच्या हिशेबाचा आहे : नुकसान किती झाले, ते कोणी ठरविले आणि कोणी सोसले.

हवामानशास्त्राने या उत्पाताचे कारण उलगडले आहे. हिवाळा सरताना उत्तरेकडून येणारी थंड, कोरडी हवा वरच्या थरांत असते. जमिनीलगत समुद्रावरून आलेली दमट हवा दुपारच्या उन्हाने तापून वेगाने वर चढते. त्या उसळीबरोबर पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या वर जातात, गोठतात, त्यांच्यावर पाण्याचे नवे थर बसून तेही गोठतात, आणि वरचा झोत पेलेनासा झाला की ते खाली कोसळतात. मोठी गार चिरून पाहिल्यास कांद्यासारखे पापुद्रे दिसतात ते यामुळे. पावसाळ्यात गोठणाची पातळी उंच असते व गारा वाटेत वितळतात. म्हणूनच आपल्याकडे आषाढात गारा क्वचित आणि फाल्गुनात वारंवार. दुर्दैव असे की, हाच काळ शाळू पोटऱ्यांतून बाहेर येऊन पक्व होण्याचा, हरभरा व करडई काढणीला येण्याचा आणि आंब्याला मोहोर येण्याचा असतो.

गारांना अडविण्याचा व्यवसाय करणारी एक जातच महाराष्ट्रात होती, हे आज अनेकांना ठाऊक नसेल. वऱ्हाड-नागपूरकडे तिला 'गारपगारी' म्हणत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात त्यांचे वर्णन आहे. रात्रीच्या आकाशात धूर व ज्वाला मिसळल्यासारखा तांबडा-काळा रंग दिसला की गारपगारी तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही. आधी विनवणी करी. देव ऐकेना तर अंगावरची वस्त्रे टाकून स्वतःचा जीव देण्याची धमकी देई. कधी बायकापोरांनाही देवळापुढे आणून उभे करी. पूर्वी तो स्वतःला वार करून घेत असे, असे सांगतात. ग्रंथ लिहिला गेला त्या काळापर्यंत मात्र बोटातून थेंबभर रक्त काढण्यावर प्रकरण भागत असे. हे वाचून हसू येते खरे, पण क्षणभर विचार करावा. गावाने आपल्या सेवकांत एक माणूस असा ठेवला होता की ज्याने संकटात देवाशी भांडावे, आणि त्याबद्दल सुगीला त्याला धान्य मिळावे. पीक बुडाले तर त्याच्याकडे बोट दाखविण्याची सोयही त्यात होतीच.

आणि हसण्याचा अधिकार आधुनिकांना फारसा नाही. १८९६ साली ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात आल्बर्ट स्टिगर नावाच्या द्राक्षबागाइतदाराने आभाळाकडे तोंड केलेल्या तोफा उडवून गारा फोडण्याचा उद्योग आरंभिला. पाहता पाहता उत्तर इटलीत अशा हजारो तोफा झाल्या. नंतर सरकारी देखरेखीखाली चाचण्या झाल्या, तोफा धडाडत असताना बागांवर गारा पडल्या, आणि १९०५ च्या सुमारास ते खूळ ओसरले. शंभर वर्षांनी त्याच तत्त्वावरची यंत्रे हिमाचलातील सफरचंदांच्या बागांत आली; मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेनेही स्वस्त देशी यंत्र बनविण्याचा प्रयत्न केला. जागतिक हवामान संघटनेला या तोफांमागे शास्त्रीय आधार आढळलेला नाही. बागेवर पसरलेली जाळी तेवढी खात्रीने उपयोगी पडते, पण ती शाळूच्या दहा एकरांवर कोण पसरणार?

आता हिशेबाकडे वळू. 'अस्मानी-सुलतानी' हा शब्द आपण आज ललित अर्थाने वापरतो. मुळात तो महसुलाच्या व्यवहारातला आहे. आभाळाकडून आलेली आपत्ती ती अस्मानी, सत्तेकडून आलेली ती सुलतानी. आणि या दोन्हींत शेतसाऱ्याची सूट मागण्याचा रयतेला हक्क आहे, हे त्यात गृहीत होते. प्रश्न सूट देण्याचा नव्हता, ती कोणत्या हातांतून द्यावयाची हा होता.

१६५७ साली शाहजादा औरंगजेबाने बिदरचा किल्ला घेतला. पुढे बादशहा झाल्यावर १६६५ साली त्याने रसिकदास करोडी या अंमलदारास पाठविलेले महसुलाविषयीचे फर्मान अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. त्यात पिकावर आपत्ती आल्यास काय करावे, याची आज्ञा आहे. अमिनाने उभे पीक प्रत्यक्ष पाहावे, आलेले व गेलेले यांचे प्रमाण काढावे आणि त्यानुसार सूट द्यावी. 'सरबस्ता' म्हणजे सरसकट, एकरकमी सूट मात्र मुळीच मान्य करू नये. का? तर अशा सुटीची वाटणी चौधरी, कानुंगो, मुकादम आणि पटवारी यांच्या मर्जीवर राहते, आणि रयतेला तिचे न्याय्य माप मिळत नाही.

हे चार हुद्दे उत्तरेचे आहेत. दख्खनेत त्यांची नावे देशमुख, देशपांडे, पाटील आणि कुळकर्णी अशी होती. आपल्या संस्थेच्या सभासदयादीवर नजर टाकली तर यांपैकी निदान तीन आडनावे पहिल्या पानावरच सापडतील, आणि प्रस्तुत लेखकाचे घराणेही त्याला अपवाद नाही. बिदर, भालकी, हुमनाबाद, आळंद या भागांत आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती लेखणीच्या वतनावर. गारपीट झाल्यावर कोणाचे शेत किती आणे गेले हे लिहिणारा हात आपला होता. त्या हाताने सर्वांना समान न्याय दिला, असे आपल्या घरांतील आठवणी सांगतात. तसे नेहमी झाले असते तर सरबस्ता सुटीविरुद्ध बादशहाला हुकूम काढावा लागला नसता. हे फर्मान उत्तरेतल्या अंमलदारास उद्देशून होते, आपल्या पूर्वजांस नव्हे, असा बचाव करता येईल. माझ्या मते तो टिकणारा नाही. दोष माणसाच्या प्रांताचा नव्हता, त्याच्या जागेचा होता.

निजामी राजवटीत या सर्व मुलखाचा एकच महसुली कारभार होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि जुना बिदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गेले, नारायणखेड व जहीराबाद आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. आपल्यापैकी कित्येकांची शेती एका राज्यात आणि घर दुसऱ्यात, ही स्थिती तेव्हापासूनची. ढगांना मात्र या फाळणीची वर्दी गेली नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत जी गारपीट झाली, तिने हे उघडे केले. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांना ती लागली. लातूर, उस्मानाबाद, सोलापूर येथे फार नासाडी झाली. सीमेच्या अलीकडे बिदर, गुलबर्गा, विजापूर जिल्ह्यांतही शेते पांढरी झाली. त्यातच ५ मार्चला लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली. महाराष्ट्र शासनाने पुढे कोरडवाहू शेतीस हेक्टरी १०,००० रुपये, बागायतीस १५,००० आणि फळबागांस २५,००० अशी मदत जाहीर केली. त्या वेळी केंद्राचे ठरलेले दर अनुक्रमे ४,५००, ९,००० आणि १२,००० होते, आणि इतरत्र हिशेब याच दरांपासून सुरू होत असे. एकाच दुपारी, एकाच ढगाने झोडपलेल्या दोन बांधांचे मोल दोन कचेऱ्यांत निराळे ठरू शकते, हे सीमेवरच्या माणसाने त्या वर्षी अनुभवले. निम्मे पीक गेल्याखेरीज मदत नाही, ही जुनी अट केंद्राने २०१५ साली ३३ टक्क्यांवर आणली व दरही वाढविले.

२०१६ पासून लागू झालेल्या पीकविमा योजनेत गारपिटीला स्थानिक आपत्ती मानले गेले. विमा उतरविलेल्या शेतकऱ्याने ७२ तासांत खबर द्यावयाची आणि त्याच्या स्वतःच्या शेताची पाहणी व्हावयाची, असा नियम आहे. मंडळाची सरासरी येथे लावीत नाहीत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फर्मानातील सरबस्ताविरोधी कलमच जणू नव्या पोशाखात आले. अडचण मात्र जुनीच : पाहणारा वेळेवर पोहोचला पाहिजे. गारा त्याची वाट पाहत नाहीत, आणि पडलेले पीक दुसऱ्या दिवसापासून कुजू लागते.

एक गोष्ट मात्र ना मारुतीने केली, ना तोफेने, ना शासनाने. गेल्या काही दशकांत बिदरच्या शेतकऱ्याने सोयाबीन धरले. ते आश्विन-कार्तिकात घरात येते. कलबुर्गीकडची तूरही बहुधा फाल्गुनापूर्वी खळ्यावरून हलते. शाळूचा पेरा जसजसा घटला, तसतसे गारांच्या हंगामात रानात उभे राहणारे धान्यही कमी झाले. हे कोणी गारांना भिऊन केले नाही, भावाकडे पाहून केले. उलट ज्यांनी द्राक्षे लावली, त्यांनी धोका वाढवून घेतला. कडब्याअभावी गुरे कमी झाली, हे त्याचे मोल. त्याचा पंचनामा कोणी केला नाही.

भाच्याला मी हे सर्व लिहिले नाही. आजोबांचे माळवद आणि फावडे एवढेच कळविले. त्यानंतर मी आमच्या माळ्यावरचे मोडी व उर्दू कागदांचे गाठोडे खाली काढले आहे. त्यातील पिकांच्या पाहणीचे कागद वेगळे करण्याचे काम चालू आहे. सूट कोणत्या साली, किती आणि कोणाच्या नावे लिहिली गेली, हे वाचावयाचे आहे. सभासदांच्या घरीही असे कागद असतील. त्यांतील कुळांची नावे आणि त्यांपुढचे आकडे, आपल्या घराण्याला सोयीचे असोत वा नसोत, जसेच्या तसे उतरवून संस्थेकडे पाठवावेत.