आमचे दोन वाढदिवस

आमच्या वर्गातली निम्मी मुले 1 जूनला जन्मली होती. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर. मास्तर विचारायचे, "कधी झाला हो हा?" बाप डोके खाजवीत म्हणे, "पुराच्या साली, बहुतेक." शाळा जूनमध्ये उघडते एवढे ध्यानात घेऊन मास्तर टाक दौतीत बुडवीत आणि आणखी एक बालक जन्माला घालीत. मीही त्यांतलाच.

आईच्या हिशेबी मात्र मी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीचा. त्या दिवशी पाट, रांगोळी, निरांजन, सुपारी-अंगठीने औक्षण आणि शेवयांची खीर.

हे दोन-दोन वाढदिवस मला चोरून घेतल्यासारखे वाटत. पुढे मोगलांचा इतिहास हाती लागला आणि मान ताठ झाली. अहो, खुद्द अकबर बादशहा वर्षातून दोनदा वाढदिवस करी! एक सूर्याच्या हिशेबाने, एक चंद्राच्या. दोन्ही वेळी त्याला तराजूत बसवीत. रीत आपल्याकडच्या तुलादानाचीच. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त यादी दिली आहे : सौर वाढदिवसाला बारा वजने. सोने, पारा, रेशीम, अत्तरे असे थाटात सुरू होऊन प्रकरण तूप, लोखंड, तांदळाची खीर, सात धान्ये आणि मीठ इथवर उतरे. हे सारे मग दान व्हायचे. बादशहाच्या वजनाइतकी खीर! आमच्या घरी वाटीभरात भागे.

जहांगीरनेही हा शिरस्ता चालू ठेवला. 1617 साली मांडूला त्याची तुला झाली, तेव्हा इंग्रजांचा वकील सर टॉमस रो हजर होता. साहेब मोठा संशयी! जडजवाहीर म्हणे थैल्यांत होते. त्याने लिहून ठेवले, की आत खडेसुद्धा असतील, मला काय दिसले? नंतर बादशहाने चांदीच्या पातळ पत्र्याचे बदाम आणि फळे उधळली. बडेबडे सरदार पोटावर पडून ती वेचू लागले. साहेब ताठ उभा. शेवटी बादशहाने जवळजवळ भरलेले एक तबक उचलले आणि त्याच्याच झग्यात रिकामे केले. ते मात्र त्याने घेतले हो!

कोरियात तर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी अख्खा देश एकदम वर्षाने मोठा व्हायचा. आमच्या मास्तरांना तिथे मोठीच नोकरी मिळाली असती. 28 जून 2023पासून दक्षिण कोरियाने सरकारी कामात तो हिशेब मोडला.

आई जाऊन आता सात वर्षे झाली. मावशी म्हणायची, आदला दिवस नव्हे, पौर्णिमाच. मग दोघींचे वाजे. आता मावशीही नाही. 1 जूनला बँकेचा शुभेच्छा-संदेश न चुकता येतो.

यंदा कॅलेंडर पाहून पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी आपला पाट मांडून बसलो. बायको म्हणाली, "आज काय मध्येच?"

"तुला आहे," म्हटले.

ती क्षणभर कॅलेंडरकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने दूध तापत ठेवले.