रिक्षाचा मागचा टायर फाटला: पॅच मारून चालेल की नवाच टाकावा लागेल?

पावसाळ्यात रिक्षानं फिरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. खड्ड्यातून चाक आपटतं, मागून फुस्स असा आवाज येतो आणि रिक्षा एका अंगाला कलते. ड्रायव्हर खाली उतरतो, मागच्या चाकाला लाथ मारून बघतो आणि म्हणतो, "मॅडम, दुसरी बघा, टायर बसला."

तुम्ही दुसरी रिक्षा पकडून निघून जाता. त्या ड्रायव्हरपुढे मात्र प्रश्न उभा असतो. शंभर-दोनशे रुपयांत पंक्चर काढून धंद्याला लागायचं, की हजाराच्या वर खर्च करून टायर-ट्यूब बदलायची? या प्रश्नाचं उत्तर खिशावर नाही, टायरला मार कुठे बसलाय त्यावर ठरतं. चुकीचं उत्तर निवडलं तर पुढचा टायर प्रवासी बसलेले असताना फुटू शकतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. रिक्षाचा मागचा टायर आणि पुढचा टायर दिसायला सारखेच असले तरी त्यांचं काम सारखं नाही.

रिक्षाची मुळं स्कूटरमध्ये आहेत. इटलीच्या पियाज्जो कंपनीनं १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर आणली आणि १९४८ मध्ये त्याच स्कूटरवरून तीनचाकी 'आपे' बनवली. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. पुढे बजाजनं याच घराण्यातल्या गाड्या पुण्याजवळ आकुर्डीला बनवल्या आणि रिक्षा घराघरात ओळखीची झाली. स्कूटरचं छोटं चाकही तिथूनच रिक्षाकडे आलं. आजही बजाज आरईसारख्या रिक्षाला ४.००-८ मापाचा टायर लागतो. म्हणजे टायरची रुंदी ४ इंच आणि ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास ८ इंच. पियाज्जोच्या बऱ्याच आपेंना थोडा मोठा, ४.५०-१० लागतो.

एवढ्याशा चाकाला एक किलोमीटर जाताना साधारण ७५० ते ८०० फेरे मारावे लागतात. मोटारीच्या चाकापेक्षा हे कितीतरी जास्त. त्यात इंजिन मागे, गिअरबॉक्स मागे, तिन्ही प्रवासी मागच्या सीटवर. वर ओढण्याचं कामही मागच्याच दोन चाकांचं, कारण पुढचं चाक फक्त वळतं. म्हणून मागचे टायर लवकर झिजतात, जास्त तापतात आणि त्यांना हवाही पुढच्यापेक्षा जास्त भरावी लागते. नेमकी किती ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पंपावर तिन्ही चाकांत एकसारखी हवा मारून घेणं ही सवय चुकीचीच.

टायर बसल्यावर पहिली पाच मिनिटं

चालत्या गाडीत मागचा टायर गेला तर गाडी त्या बाजूला झुकते आणि त्याच बाजूला ओढते. अशा वेळी जोरात ब्रेक मारणं सगळ्यात वाईट. रिक्षाला पुढे एकच चाक असल्यामुळे तोल मुळातच नाजूक असतो. त्यात एक कोपरा खाली बसलेला असताना कचकन ब्रेक किंवा झटक्यात वळण घेतलं तर गाडी उलटू शकते. ॲक्सिलरेटर सोडायचा, हँडल घट्ट आणि सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा आणि मग डावीकडे घ्यायचं.

आणि तिथेच थांबायचं. "पंक्चरवाला त्या चौकात आहे, हळूहळू नेतो" हे वाक्य रिक्षावाल्यांना सगळ्यात महाग पडतं. हवा नसलेला टायर रिमखाली चिरडला जातो, आत ट्यूबचे तुकडे होतात आणि बाजूच्या भिंतीतले नायलॉनचे धागे तुटतात. बाहेरून टायर धडधाकट दिसतो, पण आत हात फिरवला की रबराचा काळा भुगा हाताला लागतो आणि कडेनं गोल सुरकुती दिसते. असा टायर संपला. खिळ्याचं साधं पंक्चर होतं, ते अर्धा किलोमीटर ओढल्यामुळे टायर-ट्यूबचा खर्च झाला.

मार कुठे बसलाय?

टायरचे ढोबळ दोन भाग धरा. रस्त्याला टेकतो तो नक्षीचा जाड पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या पातळ भिंती.

नक्षीच्या पट्ट्यात खिळा, तार किंवा काच घुसली असेल तर बहुतेक वेळा दुरुस्ती होते. रिक्षांना अजूनही मोठ्या प्रमाणात ट्यूबवाले टायर असतात, त्यामुळे खरं पंक्चर ट्यूबला असतं. ट्यूब फुगवून पाण्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची, जागा घासून घ्यायची, सोल्युशन लावून पॅच बसवायचा. या सगळ्यात एक पायरी घाईत राहून जाते. टायरच्या आतून बोटं फिरवून खिळा खरंच निघालाय का ते बघणं. तो आतच राहिला तर नवा पॅच संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. एकाच ट्यूबवर तीन-चार पॅच झाले असतील, व्हॉल्वच्या बुडाशी फाटलं असेल किंवा दोन पॅच एकमेकांवर चढत असतील तर ट्यूब बदललेली बरी.

बाजूच्या भिंतीला चीर गेली असेल, फुगा आला असेल किंवा आतले धागे दिसत असतील तर दुरुस्तीचा विषय संपला. ही भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते. तिथे लावलेला पॅच टिकत नाही, कारण त्याच्या खालची जमीनच हलत असते.

तरीही रस्त्यावर एक जुगाड सर्रास चालतो. तो म्हणजे गेटर. जुन्या टायरचा तुकडा कापून फाटलेल्या जागी आतून ठेवायचा, म्हणजे ट्यूब बाहेर येत नाही. गेटर टाकलेल्या टायरवर लोक महिनोन् महिने गाडी चालवतात. पण तो तुकडा आत घासत राहतो, टायर तापतो आणि चीर वाढत जाते.

कायदाही याबाबत गंमत करत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९४ टायरच्या अवस्थेबद्दल आहे. धागे उघडे पडलेला, फुगवटा आलेला, किंवा व्हल्कनायझिंग न करता नुसता गेटर किंवा पॅच लावलेला टायर या नियमाप्रमाणे रस्त्यावर चालत नाही. तात्पुरता गेटर चालतो तो फक्त जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत गाडी नेण्यासाठी. झिजेचीही मर्यादा ठरलेली आहे. दुचाकी आणि तीनचाकीच्या टायरवरची खाच किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी. मोटारींना हीच मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. रिक्षाच्या पासिंगला, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेटच्या तपासणीला, टायर बघितले जातात ते यासाठी. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत ही तपासणी दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावी लागते.

चाक खोलताना जीव जाऊ शकतो

हे अनेकांना माहीत नसतं, आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतः टायर बदलायला बसणाऱ्यांनी तर हे वाचायलाच हवं.

८ इंची चाक असलेल्या बऱ्याच रिक्षांची रिम, जुन्या स्कूटरसारखीच, एकसंध नसते. पत्र्याच्या दोन थाळ्या समोरासमोर ठेवून नट-बोल्टनं जोडलेल्या असतात आणि टायर त्यांच्यामध्ये असतो. म्हणजे चाकावर दोन प्रकारचे नट दिसतात. काही चाक गाडीला धरून ठेवतात, तर काही या दोन थाळ्या एकमेकींना. ट्यूबमध्ये हवा असताना दुसऱ्या प्रकारचे नट सैल केले तर थाळ्या स्फोट झाल्यासारख्या उडतात. वाकून बसलेल्या माणसाचं तोंड त्यांच्या बरोबर समोर असतं.

म्हणून क्रम पक्का आहे. गाडी सपाट जागी लावायची, पुढच्या चाकाला दगड लावायचा, चाक गाडीला धरून ठेवणारे नट गाडी खाली असतानाच किंचित सैल करायचे आणि मग जॅक लावायचा. चाक काढल्यावर व्हॉल्वची पिन काढून हवा पूर्ण सोडायची, टायर दाबून खात्री करायची आणि त्यानंतरच रिमच्या नटांना हात लावायचा. जोडताना उलट. आधी सगळे रिमचे नट आवळायचे, मग हवा. थोडी हवा भरून टायर रिमवर सगळीकडे सारखा बसलाय ना हे बघायचं आणि नंतर पूर्ण भरायची.

रिक्षा साडेतीनशे-चारशे किलोची असल्यामुळे चारजण मिळून एक बाजू उचलतात आणि खाली वीट सरकवतात, हे दृश्य नेहमीचं आहे. पण वीट फुटते. जॅक नसेल तर निदान लाकडाचा ओंडका तरी असावा, आणि गाडीखाली हात-पाय घालू नयेत.

नवा टायर घेताना

दुकानात "रिक्षाचा टायर द्या" एवढं सांगून भागत नाही. जुन्या टायरवरचं माप बघा, आणि सोबत पीआर हा आकडाही. हा टायरची भार उचलायची ताकद सांगतो. ६ पीआरच्या जागी स्वस्त मिळतो म्हणून ४ पीआर टाकला तर तीन प्रवासी आणि सामान घेऊन तो लवकर दगा देईल. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय खूण बंधनकारक आहे. कडेला चार आकडी तारीख असते. २३२५ लिहिलं असेल तर तो टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर नवा दिसला तरी त्याचं रबर कडक झालेलं असतं.

जुन्या बाजारातल्या टायरपासून सांभाळून. गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम पात्यानं खाचा पाडून तो नवा म्हणून विकला जातो. खाचेच्या तळाशी धाग्यांची जाळी दिसत असेल तर तो टायर फुकट दिला तरी घेऊ नका.

टायर नवा तर ट्यूबही नवी. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती फाटते.

आता एकच बदलायचा की मागचे दोन्ही? दुसरा चांगल्या अवस्थेत असेल तर एक पुरे. पण एक कोरा आणि दुसरा पार झिजलेला असेल तर दोघांच्या घेरात फरक पडतो आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शिअलला सतत काम करावं लागतं. ब्रेक मारल्यावरही गाडी एका बाजूला ओढू शकते. अशा वेळी दोन्ही बदलणं शहाणपणाचं. त्यातला बरा टायर स्टेपनी म्हणून ठेवता येतो. सगळ्यात झिजलेला टायर पुढे ढकलायची पद्धत मात्र धोक्याची आहे. पुढच्या एका चाकावरच गाडीचं वळणं अवलंबून असतं.

पैसे कोण भरणार?

विमा भरेल अशी आशा असेल तर ती बऱ्याचदा फोल ठरते. थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान येतच नाही. पूर्ण विम्यातही फक्त टायर-ट्यूब फाटली तर सहसा पैसे मिळत नाहीत. अपघातात बाकीच्या गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरच्या बदलीच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते. थोडा दिलासा करात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

शहरांत अनेक ड्रायव्हर रिक्षा शिफ्टनं चालवतात, गाडी मालकाची असते. सहसा पंक्चर ड्रायव्हरच्या खिशातून आणि टायर मालकाच्या. त्यामुळे फाटलेल्या टायरवर गेटर टाकून दिवस ढकलण्यात दोघांनाही तेवढ्यापुरतं बरं वाटतं, कारण ड्रायव्हरची शिफ्ट बुडत नाही आणि मालकाला खर्च येत नाही. मागे बसलेल्या प्रवाशाला यातलं काहीच कळत नाही. बसण्याआधी मागच्या चाकाकडे एक नजर टाकली तर फुगवटा किंवा बाहेर डोकावणारे धागे लगेच दिसतात.

राहिली स्टेपनी. हा शब्द इंग्लंडशेजारच्या वेल्समधून आला. तिथल्या लनेथली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे आणि १९०४ मध्ये जादा चाकाची कल्पना तिथल्याच डेव्हिस बंधूंनी बाजारात आणली. तिथे हा शब्द मागे पडला, आपल्याकडे पक्का रुजला. रिक्षात स्टेपनी असतेच, पण ती बसवल्यावर काढलेलं पंक्चर चाक तसंच आत ठेवून आठवडाभर गाडी चालवली जाते. पंक्चर त्याच दिवशी काढून घ्यावं, आणि बदललेल्या चाकाचे नट एक-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा एकदा आवळून बघावेत.