होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम हा मध्य प्रदेशातील शासकीय माध्यमिक शाळांमध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी १९७२ ते २००२ या काळात राबवलेला उपक्रम होता. विज्ञानातील निष्कर्ष पाठ करून घेण्याऐवजी निरीक्षण, प्रयोग, नोंद आणि चर्चा यांतून ते विद्यार्थ्यांनी स्वतः काढावेत, हे त्याचे मुख्य तत्त्व होते. शालेय वयात संशोधनाची कौशल्ये शिकवण्याच्या भारतातील दीर्घकाळ चाललेल्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

इतिहास

रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन स्वयंसेवी संस्थांनी होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांमध्ये राज्य शासनाच्या परवानगीने कार्यक्रम सुरू केला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ येथील शास्त्रज्ञ व प्राध्यापक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने पुढे त्याची शैक्षणिक जबाबदारी घेतली व तो राज्याच्या इतर जिल्ह्यांतही पोहोचला.

अध्यापनपद्धती

विद्यार्थी चौघांच्या गटात काम करीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकांत प्रयोगांच्या सूचना आणि प्रश्न असत; उत्तरे मात्र दिलेली नसत. गटांची निरीक्षणे वर्गासमोर मांडली जात आणि त्यांत तफावत आढळल्यास तिचे कारण शोधले जाई. एकच लांबी अनेकांनी मोजली असता येणारे वेगवेगळे आकडे हा विद्यार्थ्यांचा दोष न मानता मापनाच्या अभ्यासाचा विषय मानला जाई. पानांचे वर्गीकरण, परिसर-सहली आणि नाणेफेकीच्या नोंदींतून संभाव्यतेचा परिचय, असे घटकही अभ्यासक्रमात होते.

ग्रामीण शाळांत प्रयोगशाळा नसल्यामुळे स्वस्त व स्थानिक साहित्यावर भर देण्यात आला. अभियंते अरविंद गुप्ता यांनी १९७८ मध्ये नोकरीतून एक वर्षाची रजा घेऊन या कार्यक्रमात काम केले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांपासून भौमितिक आकृत्या बनवण्याची त्यांची पद्धत याच काळातील आहे. पुढे त्यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात कार्य केले.

मुलांना पडणारे प्रश्न पत्रातून विचारता यावेत यासाठी ‘सवालीराम’ हे काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले. आलेल्या पत्रांना त्याच्या नावाने उत्तरे पाठवली जात.

शिक्षक व मूल्यमापन

शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षण आणि वर्षभरात मासिक बैठका होत. प्रशिक्षणात शिक्षक स्वतः तेच प्रयोग करीत आणि वर्गात आलेल्या अडचणींच्या आधारे पुस्तकांत सुधारणा सुचवीत. परीक्षेत लेखी भागाबरोबर प्रात्यक्षिकही असे. लेखी परीक्षेत पाठ्यपुस्तक व वही जवळ बाळगण्याची मुभा होती. त्यामुळे स्मरणापेक्षा माहितीचा वापर, तर्क आणि निष्कर्ष यांची पारख होई.

समाप्ती

२००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला आणि संबंधित शाळांत राज्यातील प्रचलित पाठ्यपुस्तके लागू केली. देशभरातील अनेक शास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञांनी या निर्णयाला विरोध दर्शवला. शासकीय शाळांतील प्रयोगशीलतेला किती वाव असावा आणि सर्व शाळांसाठी समान अभ्यासक्रम असावा का, हे प्रश्न या वादाच्या केंद्रस्थानी होते.

प्रभाव

शोधातून शिक्षण ही पद्धत खेड्यातील सामान्य शाळांत, तेथील नियमित शिक्षकांकरवी दीर्घकाळ राबवता येते, हे या कार्यक्रमाने दाखवून दिले. मात्र त्यासाठी साहित्यपुरवठा, शिक्षकांना सातत्याने साहाय्य आणि परीक्षापद्धतीतील बदल एकत्र लागतात, असेही त्याच्या अनुभवातून स्पष्ट झाले. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकाच्या प्रेरणेने मराठीत ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक सुरू झाले.