पीएचपी भाषेतील अ‍ॅरे-किल्लीचे प्रकार-रूपांतर : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकीय आज्ञावलीत अनेक मूल्ये एकत्र साठविण्यासाठी ‘अ‍ॅरे’ ही रचना वापरली जाते. त्यातील मूल्य ज्या खुणेने शोधले जाते, ती त्याची ‘किल्ली’ होय. दोन किल्ल्या एकच मानाव्यात की भिन्न, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी साठविलेल्या नोंदींची विश्वसनीयता त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात पीएचपी या स्क्रिप्टिंग भाषेच्या संदर्भात या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

पूर्वपीठिका :
१९७७ मध्ये बेल प्रयोगशाळेत निर्माण झालेल्या ऑक भाषेने अ‍ॅरेची प्रत्येक किल्ली स्ट्रिंग, म्हणजेच अक्षरमाला, मानली. लॅरी वॉल यांच्या पर्ल भाषेत (१९८७) क्रमवार अ‍ॅरे आणि किल्लीयुक्त अ‍ॅरे हे स्वतंत्र प्रकार आहेत. रास्मस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीत अँडी गुटमन्स व झीव सुरास्की यांच्या सहभागाने नव्याने घडलेली पीएचपी मात्र वेगळ्या वाटेने गेली. तिच्या एकाच अ‍ॅरेत क्रमवार यादी आणि शब्दकोश या दोन्ही रचना सामावतात. किल्ली मात्र पूर्णांक किंवा स्ट्रिंग एवढीच असू शकते. इतर प्रकारांचे रूपांतर भाषा स्वतःच करते.

रूपांतराचे नियम :
‘८’ ही स्ट्रिंग पूर्णांक ८ होते. ‘०८’ आणि ‘+८’ स्ट्रिंगच राहतात. ८.७ मधील दशांश भाग गळून ८ उरतो. ‘ट्रू’चे १, ‘फॉल्स’चे ० आणि ‘नल’चे रिकामी स्ट्रिंग असे रूपांतर होते. येथील उदाहरणे आंतरराष्ट्रीय अंकांची समजावीत. प्रत्यक्षात देवनागरी अंकांत लिहिलेली किल्ली भाषेला संख्या वाटत नाही व ती स्ट्रिंगच राहते.

या नियमांची उपयुक्तता नाकारता येत नाही. संकेतस्थळावरील अर्जातून येणारी माहिती मजकुराच्या रूपात येते. अर्जातील ‘५’ आणि आज्ञावलीतील ५ यांनी एकाच नोंदीपर्यंत पोहोचणे वेबसाठी घडलेल्या भाषेत सोयीचेच ठरते.

परिणाम :
या सोयीची किंमत मात्र नकळत मोजावी लागते. समजा, गुणांची सरासरी हीच किल्ली मानून विद्यार्थ्यांची यादी केली. ६१.२ आणि ६१.८ या दोन्ही किल्ल्या ६१ होतात आणि दुसरी नोंद पहिलीला पुसून टाकते. पिन कोड किल्ली असलेल्या दोन याद्या ‘अ‍ॅरे-मर्ज’ या फलनाने जोडल्या, तर पूर्णांक झालेल्या किल्ल्यांना शून्यापासून नवे क्रमांक मिळतात आणि मूळ पिन कोड नाहीसे होतात. परीक्षा क्रमांकांपैकी ‘०१२’ स्ट्रिंग राहतो, तर ‘१२०’ पूर्णांक होतो. एकाच यादीत दोन प्रकार नांदू लागतात.

अलीकडील बदल :
आठव्या आवृत्तीपासून (२०२०) अ‍ॅरे अथवा ऑब्जेक्ट किल्ली म्हणून वापरून मूल्य साठवू पाहिल्यास केवळ इशारा न मिळता प्रकारविषयक त्रुटी उद्भवते. ८.१ या आवृत्तीने (२०२१) दशांश भाग गमावणारे मूक रूपांतर कालबाह्य ठरविले, तर ८.५ ने (२०२५) ‘नल’ किल्लीबाबत तेच धोरण स्वीकारले. कालबाह्य ठरविणे म्हणजे तत्काळ बंदी नव्हे. जुन्या आज्ञावली चालू ठेवून सूचना देण्याचा तो मार्ग आहे. ‘८’ आणि ८ यांची एकरूपता मात्र आजही कायम आहे, कारण असंख्य आज्ञावली तिच्यावर विसंबून आहेत.

निष्कर्ष :
पीएचपीच्या या वाटचालीत एक स्पष्ट विवेक दिसतो. ज्या रूपांतरात माहिती नष्ट होते, त्याबाबत भाषा कठोर होत गेली. ज्यात केवळ रूप बदलते, ते तिने राखले. तथापि रूप हीदेखील माहितीच असते, हे परीक्षा क्रमांकाच्या उदाहरणावरून दिसते. म्हणून विद्यार्थ्यांना अ‍ॅरे शिकविताना किल्लीचे लिखित रूप आणि साठविलेले रूप यांतील भेद आरंभीच स्पष्ट करणे अगत्याचे आहे.