तीन हजार रुपयांचा निवाडा : वैद्यकीय हलगर्जीपणाच्या कायद्याची कथा

(१)
जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत दुखणे बळावले की रुग्णाला पुण्याला हलवतात. उपचारांत चूक झाल्याची तक्रारही बहुधा त्याच वाटेने जाते, कारण जिल्हा ग्राहक आयोग पुण्यात आहे. दाद मागण्याची ही वाट ज्या निकालांनी घडवली, त्यांतील एका प्रमुख निकालाचे मूळ पुण्यातल्याच एका रुग्णालयात आहे. त्याविषयी हा धागा.

(२)
६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या सुमारास वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. स्थानिक डॉक्टरांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या. तिसऱ्या रात्री आई आणि ते डॉक्टर त्याला मोटारीने घेऊन पुण्यास निघाले. अंतर सुमारे २०० मैल, प्रवास जवळजवळ अकरा तासांचा.

(३)
९ मे रोजी दुपारी सव्वादोनला तो डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी यांच्या रुग्णालयात दाखल झाला. मॉर्फियाचे इंजेक्शन दिले गेले, क्ष-किरण छायाचित्रे निघाली, पाय प्लास्टरमध्ये घातला गेला. सातपर्यंत गुंगी उतरेल, या आश्वासनावर वडील दौंडला परतले. साडेसहाला आईच्या लक्षात आले की मुलाला श्वास घेणे जड जात आहे. रात्री नऊ वाजता तो गेला.

(४)
मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले ‘फॅट एम्बोलिझम’, म्हणजे चरबीचे कण रक्तवाहिन्यांत अडकणे. वडील डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले स्वतः वैद्यकीय व्यावसायिक होते. त्यांना हे कारण पटले नाही. भूल न देता, माणसे लावून पाय जोराने ओढला गेला आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला, असे म्हणत आईवडिलांनी नुकसानभरपाईचा दावा लावला.

(५)
डॉ. जोशींचा बचाव असा की हाड बसवण्याचा प्रयत्न त्या दिवशी झालाच नाही. हलका ताण देऊन पाय केवळ स्थिर केला होता. कनिष्ठ न्यायालयाने हा बचाव नाकारून ३,००० रुपये भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने निर्णय कायम केला. २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे अपील फेटाळले.

(६)
न्या. शेलत यांनी लिहिलेल्या या निकालाने डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्ण स्वीकारावा की नाही, हे ठरवताना काळजी घेणे. कोणता उपचार करावा, हे ठरवताना काळजी घेणे. आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना काळजी घेणे. ही काळजी सर्वोच्च कोटीची नसली तरी चालेल. ती अगदी खालच्या दर्जाचीही असू नये. परिस्थितीनुसार वाजवी असावी.

(७)
म्हणजेच रुग्ण दगावला एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही आणि पदवी आहे एवढ्यावरून तो निर्दोषही ठरत नाही. मात्र हे तत्त्व हाती येईपर्यंत मृत्यूला पंधरा वर्षे होत आली होती. शिवाय भूल दिली होती का, ताण किती दिला, हे प्रश्न नेमके विचारू शकणारा बाप स्वतः डॉक्टर होता. ज्याला हे प्रश्नच ठाऊक नाहीत, त्याने काय करावे?

(८)
दुसरा खटला मराठवाड्यातला. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर एका महिलेची नसबंदी शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहून गेला. पुन्हा पोट उघडले. तरी काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला. पती अच्युतराव खोडवा यांच्या बाजूने कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो फिरवला.

(९)
सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो पुन्हा कायम केला. तोवर ३३ वर्षे लोटली होती. पोटात टॉवेल राहणे हीच हलगर्जीपणाची साक्ष आहे आणि सरकारी रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या चुकीला राज्य शासन जबाबदार आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले.

(१०)
दरम्यान १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत आणली. दिवाणी दाव्यापेक्षा स्वस्त आणि सोपा दरवाजा उघडला. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी बाजूला कुंपण घातले. डॉक्टरवर गुन्हा लावायचा तर निष्काळजीपणा ढोबळ हवा आणि आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे निःपक्ष मत हवे.

(११)
परंतु शांता निकालात एक अपवाद आहे. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, तिथली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. नाममात्र नोंदणी शुल्काने त्यात फरक पडत नाही. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. निर्णय स्वागतार्हच; पण हा अपवाद त्यामुळे अधिकच जाणवतो.

(१२)
भीमाशंकरच्या डोंगरातील आणि नाणेघाटाकडील महादेव कोळी, ठाकर वाड्यांना पहिला आधार प्राथमिक आरोग्य केंद्राचा, नंतर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाचा. पुण्यातील खासगी रुग्णालयात पैसे मोजणाऱ्याला ग्राहक आयोग खुला आहे. मोफत उपचार घेणाऱ्याला मात्र खोडवांचाच मार्ग उरतो : दिवाणी न्यायालय, वकील, कोर्ट फी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा.

(१३)
दोन्ही मार्गांवर लागणारी शिदोरी एकच, ती म्हणजे कागद. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास डॉक्टरांनी ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावयाची असतात. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत साधारणपणे दोन वर्षांची. गोडबोले दांपत्याकडे वैद्यकशास्त्राचे ज्ञान घरातच होते. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांनी निदान केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. न्यायालयात प्रश्न विचारण्याची सुरुवात तिथूनच होते.