कम्प्युटरला माईक सापडत नाही? नवा घेण्याआधी हे तपासा

ऑनलाईन इंटरव्ह्यू सुरू झालाय, समोरचे दिसतायत, पण तुमचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी माईक बिघडला असं धरून बरेच जण थेट लॅमिंग्टन रोड गाठतात. बोरिवलीहून ग्रँट रोडपर्यंत लोकलने जाऊन येण्यात अर्धा दिवस जातो. मुलुंड-घाटकोपरवाल्यांना तर दादरला गाडीही बदलावी लागते. एवढं करून नवा माईक आणला आणि तोही चालला नाही तर? दोष माईकऐवजी सेटिंगमध्ये असेल, तर तसंच होणार.

म्हणून आधी एक गोष्ट ठरवा. कम्प्युटरला माईक दिसतच नाहीये, की दिसतोय पण ॲपला वापरायची परवानगी नाहीये? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

हे ओळखायचं कसं?

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साऊंड असं जा आणि 'इनपुट'खाली पाहा. माईकचं नाव दिसत असेल तर तो निवडा आणि बोला. आवाजाची पट्टी हलली, तर माईक ठीक आहे, अडचण ॲपमध्ये आहे. नाव दिसतंय पण पट्टी हलत नसेल, तर आवाज म्यूट आहे का, पातळी शून्यावर आहे का, हे बघा. काही लॅपटॉपच्या कीबोर्डवर माईक बंद करायचं वेगळं बटण असतं. काही हेडसेटच्या वायरवरही तसं बटण असतं.

माईक दिसतो, पण ॲपमध्ये चालत नाही

1. सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'मायक्रोफोन' उघडा. विंडोज 10 मध्ये हा भाग 'प्रायव्हसी'त आहे. तिथली परवानगी चालू करा. 'डेस्कटॉप ॲप्स'साठीचं बटण वेगळं असतं, तेही पाहा.
2. मीटिंग ब्राऊजरमध्ये असेल तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून त्या साईटला माईकची परवानगी द्या आणि पान पुन्हा लोड करा.
3. झूम, मीट किंवा टीम्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये योग्य माईक निवडलाय का पाहा. ब्लूटूथ इअरफोन जोडलेला असेल, तर ॲप अनेकदा त्याचाच माईक पकडून बसतं.

लॅपटॉप कंपनीचा असेल तर काही बटणं बदलताच येत नाहीत. ती ऑफिसच्या आयटी विभागाच्या हातात असतात. तिथे खटपट करण्यापेक्षा त्यांना फोन करा.

माईक यादीतच नाही

आधी माईक दुसऱ्या कम्प्युटरला किंवा मोबाईलला जोडून पाहा. तिथे चालला, तर दोष तुमच्या मशीनच्या बाजूला आहे.

मग पिन पाहा. मोबाईलच्या माईकवाल्या इअरफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात. त्या पिनला लॅपटॉपचं एकत्र जॅक चालतं. डेस्कटॉपला मात्र सहसा आवाजासाठी हिरवं आणि माईकसाठी गुलाबी अशी दोन जॅक असतात. तिथे हा इअरफोन लावला तर गाणी ऐकू येतील, माईक मात्र चालणार नाही. त्यासाठी स्प्लिटर लागतो. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत जॅकवर गंजही चढतो, त्यामुळे पिन कोरड्या कपड्याने पुसून पुन्हा घट्ट बसवा. यूएसबी माईक असेल तर दुसऱ्या पोर्टला लावा.

तरीही दिसत नसेल, तर स्टार्ट बटणावर राईट क्लिक करून 'डिव्हाईस मॅनेजर' उघडा. 'ऑडिओ इनपुट्स अँड आऊटपुट्स'मध्ये माईकवर खाली जाणारा बाण असेल, तर तो बंद केलेला आहे, 'एनेबल' करा. पिवळं चिन्ह असेल तर ड्रायव्हरची अडचण आहे. 'अनइन्स्टॉल' करून कम्प्युटर रीस्टार्ट केला की विंडोज सहसा ड्रायव्हर पुन्हा टाकतं. जमलं नाही, तर लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या.

दुरुस्ती कधी?

एवढं करूनही दुसरीकडे चालणारा माईक तुमच्या मशीनवर दिसत नसेल, तर जॅक किंवा साऊंडचा भाग खराब असू शकतो. मात्र लगेच लॅपटॉप उघडायला द्यायची गरज नाही. यूएसबी हेडसेटमध्ये स्वतःची साऊंड चिप असते, त्यामुळे जॅक खराब असलं तरी तो चालतो. शेजारच्याकडून एखादा मागून तपासा. तो चालला तर तेवढ्यावर काम भागेल. तोही चालला नाही, तर मात्र दुरुस्तीवाल्याकडे जा आणि काय काय तपासलं ते आधीच सांगा.

आणि महत्त्वाचा इंटरव्ह्यू असेल, तर ही तपासणी आदल्या रात्रीच करून ठेवा.