सगळं खुलं, नाव सोडून

बारशाला नाव ठेवायचा मान आपल्याकडे आत्याचा. इटलीतल्या एका इलेक्ट्रॉनिक बोर्डाला मात्र नाव मिळालं ते एका बारवरून. आणि पुढे त्याच नावापायी भागीदारांत कोर्टकचेरी झाली!

उत्तर इटलीत इव्ह्रेआ हे गाव आहे. ऑलिवेत्ती टाइपरायटर इथलेच. इथला सरदार आर्दुइन इ. स. १००२ मध्ये इटलीचा राजा झाला, पण दोन वर्षांतच जर्मनीच्या दुसऱ्या हेन्रीने त्याला हरवलं. अखेरीस तो मठात गेला आणि १०१५ मध्ये वारला. त्याच्या नावाचा एक बार गावात होता. तिथल्या डिझाइन संस्थेत शिकवणारे मास्सिमो बान्झी त्या बारमध्ये जात. २००५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी तळहातावर मावेल असा स्वस्त बोर्ड तयार केला. दिवा लावा, मोटर फिरवा, तापमान मोजा! त्याचं नाव ठेवलं ‘आर्दुइनो’.

त्याचा पाया मात्र एर्नांदो बारागान या तिथल्याच विद्यार्थ्याच्या २००३ मधल्या प्रकल्पाचा होता. त्याचं नाव ‘वायरिंग’. नाव अर्थपूर्ण खरं. पण गर्दीत हाक मारायला असं सामान्यनाम काय कामाचं? हरलेल्या राजाचं निरर्थक वाटणारं नावच जगभर गेलं, याचं मला नवल वाटत नाही.

या बोर्डाचे आराखडे सर्वांना खुले. कुणीही तो बनवावा, बदलावा, विकावा. परवानगी नको. राखून ठेवलं फक्त नाव. कारण सरळ होतं. नक्कल जळाली, तर बोल मूळ मंडळींना लागू नये. म्हणून आराखडा उचलणं ही रीतसर नक्कल, पण त्यावर ‘आर्दुइनो’ छापणं ही बनावट. मला हा भेद फार शहाणपणाचा वाटतो.

पण राखलेलं नाव कुणाच्या नावावर? इटलीत ते एका भागीदाराच्या कंपनीने आपल्या नावे नोंदवलं होतं. २०१५ मध्ये भांडण चव्हाट्यावर आलं. आर्दुइनो नावाच्या दोन कंपन्या समोरासमोर उभ्या राहिल्या. बान्झींच्या गटाला अमेरिकेबाहेर आपल्याच बोर्डासाठी नवं नाव शोधावं लागलं. त्यांनी ते ठेवलं ‘जेनुइनो’, म्हणजे अस्सल! ऑक्टोबर २०१६ मध्ये समेट झाला आणि ‘आर्दुइनो’ पुन्हा एका छत्राखाली आलं. या सगळ्या काळात बोर्डाचा आराखडा कुणालाही उतरवून घेता येत होता.